गर्भनलिकेच्या इजेनंतरची फॉलो-अप सेवा: टाक्यांपर्यंत चोख, पुढे सैल

गर्भनलिकेला, म्हणजे बीजकोश आणि गर्भपिशवी यांना जोडणाऱ्या ट्यूबला, इजा झाली म्हणजे नेमकं काय झालं, यावर पुढचा सगळा पाठपुरावा ठरतो. ट्यूबमध्ये गर्भ राहून ती फुटली असेल आणि काढावी लागली असेल. ट्यूबला चीर देऊन गर्भ बाहेर काढला आणि ट्यूब जागेवर ठेवली असेल. ऑपरेशन टाळून मेथोट्रेक्झेटचं, म्हणजे गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं असेल. जंतुसंसर्गाने ट्यूब आतून सुजून चिकटली असेल, किंवा अपघातात वा पोटाच्या दुसऱ्याच ऑपरेशनमध्ये तिला इजा झाली असेल. या प्रत्येकीची पुढची वाट वेगळी आहे. हातात पडणारं डिस्चार्ज कार्ड मात्र बहुतेक वेळा एकच असतं, आणि त्यावर शेवटची ओळ असते: ‘आठ दिवसांनी टाके दाखवणे.’

हे परीक्षण रुग्णालयांतून सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या या फॉलो-अप सेवेचं आहे. निकाल आधीच सांगतो. जखमेची काळजी चांगली घेतली जाते. रक्ततपासणीचा पाठपुरावा अर्ध्यावर सुटतो. कागदपत्रं कच्ची असतात. पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर लवकर तपासण्याची सोय हा या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, पण ज्यांना ती हवी त्यांच्यापर्यंत तिची माहितीच पोचत नाही.

कागदांपासून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कार्डावर ‘एक्टोपिक, लॅपरोस्कोपी केली’ (गर्भ गर्भपिशवीबाहेर होता, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं) एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद दोन वर्षांनी कोणत्याही डॉक्टरच्या उपयोगाचा नाही. त्यावर पाच गोष्टी हव्यात: बाजू उजवी की डावी, ट्यूब पूर्ण काढली, अर्धी काढली की चीर देऊन ठेवली, गर्भ ट्यूबच्या कोणत्या भागात होता, दुसरी ट्यूब डोळ्यांनी पाहिल्यावर कशी दिसली, आणि पोटात चिकटपणा किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) होता का. ट्यूब जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची असते, तरी तिचे भाग वेगवेगळं वागतात. बहुतेक गर्भ मधल्या रुंद भागात रुजतात. गर्भपिशवीच्या भिंतीतून जाणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यात गर्भ रुजला असेल, तर तिथे घेतलेल्या टाक्यांमुळे गर्भपिशवीच्या भिंतीवर व्रण राहतो. पुढच्या बाळंतपणाचं नियोजन करताना हे माहीत असावंच लागतं. दुर्बिणीतून घेतलेले फोटो किंवा व्हिडिओ मिळत असतील तर तेही मागून घ्यावेत. दुसरी ट्यूब बघण्याची तेवढी चांगली संधी पुन्हा सहजी येत नाही.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातो. त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोवर बाई घरी गेलेली असते आणि तो रिपोर्ट फाइलमध्येच पडून राहतो. तो मागून घ्यायलाच हवा. त्यात वारेचे तंतू (कोरिऑनिक व्हिलाय) दिसले असं लिहिलेलं असेल तर गर्भ ट्यूबमध्येच होता हे पक्कं झालं. ते दिसले नाहीत तर बीटा एचसीजी, म्हणजे गर्भाच्या पेशींतून रक्तात येणारं संप्रेरक, पुन्हा तपासल्याशिवाय प्रकरण मिटलं असं धरता येत नाही. टीबीच्या किंवा जुन्या संसर्गाच्या खुणाही याच कागदावर पहिल्यांदा दिसतात. कार्डासोबत ‘अमुक तारखेला रिपोर्ट घ्या’ असं लिहून देणारी रुग्णालयं आहेत. तेवढ्या एका ओळीने सेवेचा दर्जा कितीतरी वाढतो.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते दिलं की नाही, हे कार्डावर तारखेसह हवं. घाईत झालेल्या रात्रीच्या ऑपरेशनमध्ये नेमकी हीच नोंद राहून जाते.

जखमेबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटावर पाच ते बारा मिलिमीटरची तीन-चार भोकं असतात. एक-दोन दिवसांनी अंघोळ चालते, जखम चोळायची नाही, नीट कोरडी ठेवायची. बेंबीतली जखम सगळ्यात आधी चिघळते, कारण तिथे ओल साचते. दोन आठवडे जड उचलायचं नाही. भरलेली बादली किंवा कडेवरचं मूल हेही जडच. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर हाच काळ सहा आठवड्यांचा. अंगावरून थोडं जाणं आठवडा-दोन आठवडे चालतं. तासाला एक पॅड भिजत असेल तर फोन करायचा. या सूचना बहुतेक ठिकाणी तोंडी तरी दिल्या जातात, आणि टाके तपासणाऱ्या सिस्टर सहसा मनापासून बघतात.

एकच कार्ड सगळ्यांना दिल्याने किती गोंधळ होतो, याचं उदाहरण म्हणजे खांदादुखी. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो आणि दुखणं खांद्याच्या टोकाशी जाणवतं. पहिले दोन-तीन दिवस ते असणं नेहमीचं आहे. चालण्या-फिरण्याने आणि शेकण्याने कमी होतं. पण ज्या बाईला इंजेक्शन दिलं आहे, ऑपरेशन झालेलं नाही, तिचा खांदा दुखला तर त्याचा अर्थ ट्यूब फुटून रक्त श्वासपटलाखाली साचतंय असा असू शकतो, आणि तिने लगेच रुग्णालय गाठायला हवं. ‘खांदा दुखेल, घाबरू नका’ हे वाक्य पहिलीला धीर देतं आणि दुसरीला घरी बसवून ठेवतं. छापील सूचनांमध्ये हे वाक्य सरसकट असेल तर तो सेवेतला गंभीर दोष मानावा.

थांबायचं नाही अशी लक्षणं सगळ्यांना सारखीच: घेरी येणं किंवा शुद्ध हरपणं, ओटीपोटात अचानक जोराची कळ, ३८ सेल्सिअसच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, सतत उलट्या होऊन पोट फुगणं आणि वारा न सरणं, एका पोटरीला सूज, दम लागणं. यातली उलट्या-पोट फुगण्याची जोडी काही महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा उद्भवू शकते, कारण चिकटपणामुळे आतड्याला पीळ किंवा अडथळा येतो. तेव्हा जुनं ऑपरेशन डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

ट्यूब फुटून रक्त गेलं असेल तर हिमोग्लोबिन. रक्तस्रावानंतर लगेच केलेली तपासणी फसवी असते. शरीरातलं पाणी रक्तात येऊन ते पातळ व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिला आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. डिस्चार्जच्या दिवशी एकदा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. लोहाच्या गोळ्यांनी या काळात एक ते दोन ग्रॅमची वाढ दिसायला हवी. दिसली नाही तर गोळी चहाबरोबर घेतली जाते आहे का, पोट बिघडतं म्हणून बंद झाली आहे का, ते विचारायचं. आकडा जागेवर आल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या, कारण साठा तोपर्यंत भरलेला नसतो. हे शेवटचं जवळपास कुठेच सांगितलं जात नाही.

आता बीटा एचसीजी. फॉलो-अप सेवा खरोखर चालते की नाही, हे इथे कळतं.

पूर्ण ट्यूब काढली असेल तर काम सोपं आहे. तीन आठवड्यांनी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, ती निगेटिव्ह आली की झालं. ट्यूब ठेवून फक्त गर्भ काढला असेल तर गोष्ट वेगळी. गर्भाच्या पेशी ट्यूबच्या भिंतीत थोड्या उरू शकतात आणि पुन्हा वाढू शकतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पाचांपैकी एकीपर्यंत बायकांना पुढे आणखी उपचार लागू शकतात. म्हणून ऑपरेशननंतर सात दिवसांनी रक्तातली बीटा एचसीजी आणि मग ती निगेटिव्ह होईपर्यंत दर आठवड्याला एक, असा नियम आहे. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये ५ च्या खालचा आकडा निगेटिव्ह धरतात. इथे सेवा ढिली पडते ती अशी: पहिल्या आठवड्यात आकडा निम्म्याहून खाली येतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि पुढची चाचणी ‘गरज वाटली तर’ यावर सोडली जाते. शिल्लक पेशी नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा अडवून धरतात. १८० वरून १७० वर थांबलेला आकडा दिसायला लहान असला तरी तो बरा होण्याचा नाही.

मेथोट्रेक्झेटचा हिशोब आणखी काटेकोर आहे, आणि चुकतो तो जवळजवळ नेहमी एकाच जागी. डोस शरीराच्या पृष्ठभागानुसार, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, स्नायूत. इंजेक्शनचा दिवस पहिला धरून चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त द्यायचं. तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची करायची आणि घट किमान १५ टक्के हवी. समजा, पहिल्या दिवशी १८००, चौथ्या दिवशी २१००, सातव्या दिवशी १८५०. घरी कागद बघणाऱ्याला चौथ्या दिवशी वाटतं की औषध फुकट गेलं. ते तसं नाही. मरणाऱ्या पेशींतून संप्रेरक बाहेर पडतं आणि चौथ्या दिवशी आकडा वाढणं नेहमीचं आहे. सातव्या दिवशी त्यालाच वाटतं की उतरला, सुटलो. पण २१०० वरून १८५० म्हणजे जेमतेम १२ टक्के, आणि याचा अर्थ दुसऱ्या डोसचा विचार आजच करायचा. हेच आकडे २४०० आणि १९९० असते तर घट १७ टक्क्यांची, म्हणजे पुरेशी, आणि पुढे दर आठवड्याला एक चाचणी शून्याला टेकेपर्यंत. शून्याला यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीचा आकडा मोठा असेल तर सहा-आठ आठवडेही.

चाचण्या एकाच प्रयोगशाळेत कराव्यात. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि १५ टक्क्यांचा निर्णय असताना तेवढा फरक घातक ठरतो. सातव्या दिवशी त्याच रक्तातून पांढऱ्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही होतात. तोंड येणं, घसा फार दुखणं, अंगावर पुरळ किंवा ताप हे औषधाचे परिणाम असू शकतात, ते लपवायचे नाहीत.

काय टाळायचं याची यादी मोठी नाही, पण तिच्यातली एक गोष्ट हमखास चुकते. फॉलिक अॅसिड बंद ठेवायचं. मेथोट्रेक्झेट फॉलेटच्या वाटेवरच काम करतं, आणि घरात आधीपासून चालू असलेली ‘ताकदीची’ गोळी, मल्टिव्हिटॅमिन किंवा पावडर त्याच्या विरोधात जाते. डॉक्टर ‘फॉलिक अॅसिड घेऊ नका’ म्हणतात, बाई ती पिवळी छोटी गोळी बंद करते आणि कॅल्शियम-लोहाची एकत्र गोळी चालूच ठेवते, ज्यात बऱ्याचदा फॉलिक अॅसिड असतं. डब्यावरची घटकांची यादी वाचून दाखवणारा फार्मासिस्ट किंवा सिस्टर मिळाली तर ती सेवा उत्तम समजावी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांऐवजी पॅरासिटामॉल, दारू पूर्ण बंद, कडक उन्हात कमी वावर, शरीरसंबंध आणि जोराचा व्यायाम आकडा शून्यावर येईपर्यंत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पोटात कळ येते आणि बहुतेकींची ती काही तासांत उतरते. तरी ती कळ आली की फोनवर कळवायचीच, आणि समोरच्याने नाडी, रक्तदाब, चक्कर यांची विचारपूस करायची. आकडा उतरत असतानाही ट्यूब फुटू शकते. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग दुखणं गॅसचं असेल’ हे उत्तर कुणाकडूनही स्वीकारू नये.

सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून घेण्याचा आग्रह मात्र नको. ट्यूबशेजारची रक्ताची गाठ आकडा शून्य झाल्यावरही कित्येक आठवडे दिसत राहते, कधी आधीपेक्षा मोठीही. तिच्यामुळे निष्कारण ऑपरेशनचा निर्णय होऊ शकतो.

या भागात चांगली सेवा कशी ओळखायची? चाचणीच्या तारखा कार्डावर लिहून देतात, आणि ठरलेल्या दिवशी बाई आली नाही तर रुग्णालयातून फोन जातो. तो फोन करणारी व्यक्ती ठरलेली असेल तर बाकीच्या उणिवा सोसता येतात. ती नसेल तर कितीही मोठ्या रुग्णालयात पाठपुरावा बाईच्या स्वतःच्या आठवणीवर सोडलेला असतो.

संसर्गामुळे झालेल्या इजेत वेळ सगळ्यात महत्त्वाची. औषधं सुरू झाल्यावर ७२ तासांच्या आत पुन्हा तपासणी हवी. तोवर ताप आणि पोटाचा दुखरेपणा कमी झाला नाही तर भरती करून शिरेतून औषध द्यावं लागतं आणि ट्यूबमध्ये पू साचला आहे का ते बघावं लागतं. गोळ्यांचा कोर्स १४ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडला तर आतली सूज तशीच राहते. आधीच्या साठ दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराची तपासणी आणि उपचार झालेच पाहिजेत, नाहीतर तोच संसर्ग परत येतो. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया हे शरीरसंबंधातून पसरणारे संसर्ग आढळले असतील तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. स्वीडनमधल्या वेस्ट्रॉम यांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकदा संसर्ग झालेल्या बायकांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी जवळपास २० टक्के आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांपैकी ४० टक्के बायकांना ट्यूबच्या कारणाने वंध्यत्व आलं. दुसरा संसर्ग टाळणं हाच इथला खरा फॉलो-अप, आणि नवऱ्याला बोलावून घ्यायला संकोचणारी ओपीडी इथे कमी पडते. टीबी असेल तर औषधांनी रोग बरा होतो, पण आधी चिकटलेली ट्यूब त्याने मोकळी होत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलं तर पुढची मोठी निराशा टळते.

अपघात, ओटीपोटाच्या हाडाचा भंग, पोटात शिरलेली जखम यांत ट्यूब एकटी क्वचितच दुखावते. सोबत मूत्राशय, आतडं, गर्भपिशवी असतात आणि सगळं लक्ष साहजिकच तिकडे जातं. ही बाई सर्जन आणि हाडांच्या डॉक्टरांच्या फॉलो-अपमध्ये असते, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिला कुणी पाठवत नाही. सहा आठवड्यांच्या सुमाराला ती भेट स्वतःहून मागून घ्यावी आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्यावी.

एचएसजी, म्हणजे डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून ट्यूबचा एक्स-रे, हा या सेवेतला सगळ्यात घाईने लिहिला जाणारा तपास. ट्यूब नुकतीच शिवली किंवा सुजलेली असताना तो करून हाती काही लागत नाही, आणि संसर्ग जागा असेल तर धोका वाढतो. किमान दोन-तीन पाळ्या जाऊ द्याव्यात, आणि मूल हवं असेल तरच करावा. त्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी उरकून घ्यावी. ती सोपी आहे, वेदनारहित आहे, आणि तिच्यातच दोष निघाला तर पुढची दिशा बदलते. तरीही क्रम उलटा लावला जातो, आणि त्याचा त्रास बाईलाच होतो.

तपास पाळी थांबल्यानंतर आणि बीज सुटण्याआधी करतात, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात. त्या पाळीपासून तपास होईपर्यंत असुरक्षित संबंध टाळायचे. तासभर आधी वेदनाशामक घ्यावं. टेबलावर आतून तपासतात तसंच उपकरण बसवून गर्भपिशवीच्या तोंडातून बारीक नळी घालतात आणि डाय सोडतात. डाय हळू सोडणं यातलं खरं कौशल्य. जोराने दाबला तर गर्भपिशवीच्या कोपऱ्यातला स्नायू आकसतो, डाय तिथेच थांबतो, आणि रिपोर्टात लिहून येतं, ‘दोन्ही ट्यूब सुरुवातीलाच बंद’. अशा रिपोर्टनंतर पुन्हा तपास केला तर पुष्कळ जणींच्या ट्यूब मोकळ्या निघतात. कधी चिकट स्रावाचा बोळा असतो, कधी हवेचा बुडबुडा. म्हणून या एका ओळीवर लगेच आयव्हीएफचा (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भपिशवीत सोडण्याचा) निर्णय होऊ देऊ नये. पुन्हा एचएसजी, बारीक कॅथेटर थेट ट्यूबच्या तोंडाशी नेऊन तपास, किंवा दुर्बिणीतून निळा रंग सोडून बघणं हे मार्ग आहेत. टोकाशी फुगून बंद झालेली ट्यूब मात्र स्नायूच्या आकसण्याने दिसत नाही. तो निष्कर्ष गांभीर्याने घ्यायचा.

केंद्र निवडताना विचारा की सगळे फोटो क्रमाने देणार का: भरायला सुरुवात, दोन्ही ट्यूब भरलेल्या, पोटात डाय पसरलेला. एकाच शेवटच्या फोटोवरून दुसरा डॉक्टर मत देऊ शकत नाही. आणि सोबत ऑपरेशनचं कार्ड न्या. उजवी ट्यूब काढलेली असेल तर फोटोत उजवीकडे नुसतं खुंट दिसतं, रेडिओलॉजिस्टला इतिहास माहीत नसेल तर तो ‘उजवी ट्यूब ब्लॉक’ लिहितो, आणि घरी रडारड होते ती एका नसलेल्या ट्यूबवरून.

आधी संसर्ग झाला असेल किंवा फोटोत ट्यूब फुगलेली दिसली तर तपासानंतर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. हे न देणारं केंद्र टाळावं. एक-दोन दिवस डाग दिसणं आणि हलकी कळ चालते. ताप किंवा वाढतं दुखणं चालत नाही. आयोडीनच्या डायची अॅलर्जी आधी झाली असेल तर फोमवर चालणारी सोनोग्राफी हा चांगला पर्याय आहे, करणारे हात अनुभवी असतील तर.

एचएसजी एवढंच सांगतं की ट्यूबमधून पाणी जातं का. ट्यूबच्या आतली केसाळ पेशींची हालचाल शाबूत आहे का, टोकाची झालर बीजकोशापर्यंत पोचते का, बाहेरून चिकटली आहे का, यातलं फार थोडं त्यात कळतं. ‘ट्यूब मोकळी’ या रिपोर्टने धोका संपत नाही. मोकळी पण दुखावलेली ट्यूबच गर्भाला अडकवून ठेवते. सिगारेटच्या धुराने ही हालचाल आणखी मंदावते. तंबाखू सोडवण्याचा सल्ला फॉलो-अपचा भाग असायलाच हवा.

एक ट्यूब गेली म्हणजे निम्मी संधी गेली, असं बहुतेक घरांत धरलं जातं. तसं होत नाही. बीज दर महिन्याला आलटून पालटून सुटेल असा नियम नाही, आणि उरलेली ट्यूब पलीकडच्या बीजकोशातलं बीजही उचलू शकते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेल्या ईएसईपी नावाच्या अभ्यासात दुसरी ट्यूब निरोगी असलेल्या बायकांची तुलना झाली: तीन वर्षांत आपोआप दिवस राहून टिकण्याचं प्रमाण ट्यूब ठेवलेल्यांत ६०.७ टक्के आणि काढलेल्यांत ५६.२ टक्के निघालं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. ‘ट्यूब वाचवता आली नाही’ या अपराधी भावनेला हे उत्तर डिस्चार्जच्या दिवशीच मिळायला हवं. दुसरी ट्यूबही दुखावलेली असेल तर मात्र हा आकडा तिला लागू नाही, आणि सहा महिने प्रयत्न करून वाट बघण्यापेक्षा लवकर वंध्यत्वतज्ज्ञांना भेटावं.

ट्यूबमध्ये पाणी साचलं असेल आणि आयव्हीएफ ठरलं असेल, तर ते पाणी गर्भपिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. यशाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आधी ती ट्यूब काढणं किंवा गर्भपिशवीकडचं तोंड बंद करणं सुचवतात. उरलेली ट्यूब काढायला मन धजत नाही हे समजण्यासारखं आहे. सल्ला देणाऱ्याने सोनोग्राफीचं चित्र समोर ठेवून, घाई न करता हे समजावलं पाहिजे, आणि काढताना बीजकोशाचा रक्तपुरवठा जपण्यासाठी ट्यूबच्या अगदी लगत राहून कापणार का, हे विचारायला बाईने संकोचू नये.

मनाकडे ही सेवा जवळपास बघतच नाही. बाईचा जीव वाचला, म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि गर्भ गेला हे कुणी बोलत नाही. पुढे महिनोन्महिने झोप न लागणं, पोटात जरा दुखलं की धडकी भरणं, शरीरसंबंधांची भीती, हे नेहमी दिसतं. सहा आठवड्यांच्या भेटीत याबद्दल दोन प्रश्न विचारणं आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवणं एवढं तरी प्रत्येक ठिकाणी शक्य आहे. हा भाग आम्ही नापास ठरवतो.

गर्भनिरोधनाबद्दलही थोडं. पाळी येण्याआधीच, दोन-तीन आठवड्यांत बीज सुटू शकतं, त्यामुळे ‘पाळी आली की बघू’ हा हिशोब चुकतो. पुन्हा दिवस राहण्याआधी, ऑपरेशननंतर एक-दोन पाळ्या जाऊ देणं सहसा पुरतं. मेथोट्रेक्झेटनंतर किमान तीन महिने थांबायचं, आणि उपचार पूर्ण झाल्यावर फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचं.

एकदा ट्यूबमध्ये गर्भ राहिला की पुढच्या गर्भारपणात तसं होण्याची शक्यता सुमारे १० टक्के, दोन किंवा जास्त वेळा झालं असेल तर २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकींचा पुढचा गर्भ योग्य जागी रुजतो, पण खात्री करून घेतल्याशिवाय कुणीही निवांत राहू नये. पाळी चुकली की लगेच लघवीची टेस्ट, पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी रुग्णालयाला फोन. दुखत असेल किंवा अंगावरून जात असेल तर त्याच दिवशी तपासणी. काही त्रास नसेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यात योनीमार्गे सोनोग्राफी. त्याआधी गरज पडली तर ४८ तासांच्या अंतराने दोन बीटा एचसीजी करतात. पण आकडा छान वाढला म्हणून गर्भ जागेवर आहे असं म्हणता येत नाही. ट्यूबमधला गर्भही काही वेळा सुरुवातीला नेटकाच वाढतो.

सोनोग्राफीत गर्भपिशवीत नुसती काळी गोल पोकळी दिसली तरी थांबायचं नाही. ट्यूबमध्ये गर्भ असतानाही गर्भपिशवीत द्राव साचून तसं चित्र दिसू शकतं. पोकळीत योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) किंवा गर्भ दिसला, तरच जागा पक्की. आयव्हीएफने दिवस राहिले असतील तर एक गर्भ आत आणि दुसरा ट्यूबमध्ये असं क्वचित घडतं, म्हणून दोन्ही बाजू बघून घ्यायच्या. काही रुग्णालयं अशा बायकांना कार्डावर थेट नंबर देतात आणि चिठ्ठीशिवाय सोनोग्राफीला घेतात. ज्या रुग्णालयात ही सोय आहे, तिथे डिस्चार्जच्या दिवशीच तो नंबर बाईच्या आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये साठवून घ्यावा.